तास किती, ते आधी विचार

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात रुग्णवाहिकेवर रुग्ण सांभाळणाऱ्या ईएमटीच्या, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या, सहा महिन्यांच्या कोर्सचे नाव आहे, फीचा आकडा आहे, एजंटाने सांगितलेला रियाधमधला पगार आहे, बीएलएसच्या, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या, कार्डाचा फोटोही आहे. पण त्या सहा महिन्यांत तुला एकूण किती तास शिकवले आणि त्यांपैकी किती तास तू कॅज्युअल्टीत उभा राहिलास, हे मात्र कुठेच नाही. ‘आता लायसन्स कुठून काढायचे’ असे तू विचारतोस. त्याचे उत्तर मी देणार आहे. परंतु जो प्रश्न तू विचारलाच नाहीस तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि या पत्रात मी तोच पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

आधी कायदा पाहू, कारण तुझा गोंधळ तिथूनच सुरू झालेला दिसतो. आपल्या देशात डॉक्टरांची, परिचारिकांची, औषधविक्रेत्यांची नोंदणी कित्येक दशकांपासून होत आली. रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात रुग्णाशेजारी बसणाऱ्या माणसाला मात्र देशपातळीवरच्या नोंदवहीत जागाच नव्हती. ती २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने दिली. त्या कायद्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आहे, अॅडव्हान्स केअर पॅरामेडिकही आहे. राज्य परिषदांनी नोंदवह्या ठेवायच्या आणि ज्याचे नाव त्यात आहे त्यानेच हा व्यवसाय करायचा, अशी ही रचना आहे. राज्यांनी परिषदा स्थापण्यात इतका वेळ घालवला की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. तू ज्याला लायसन्स म्हणतोस ते म्हणजे ही नोंदणी.

आता या कायद्याची व्याख्या नीट वाच. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारी हवी. आरोग्यसेवा व्यावसायिक या वरच्या वर्गासाठी किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षे. तुझ्या संस्थेने सव्वीस आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास शिकवले असे धरले, तरी बेरीज १,२४८ च्या पुढे जात नाही. आणि तुझे वर्ग तर शनिवार-रविवारी भरत होते. संस्थेच्या फलकावर ‘मान्यताप्राप्त’ असे लिहिले आहे म्हणतोस. मान्यता कोणाची, कशासाठी, किती तासांसाठी? हे तू प्रवेश घेताना विचारले नाहीस याचा मला राग येतो, आणि वडिलांनी म्हैस विकून फी भरली हे वाचल्यावर तो राग तुझ्यावर काढवतही नाही.

बीएलएसच्या कार्डाविषयी थोडक्यात. ते एका दिवसाच्या वर्गानंतर मिळते आणि दोन वर्षांनी त्याची मुदत संपते. एसीएलएसच्या, म्हणजे त्यापुढच्या प्रगत जीवरक्षणाच्या, कार्डाची मुदतही दोनच वर्षांची. ही कार्डे लागतात आणि ती वेळेवर नवी करून घ्यावीत, पण त्यांना परवाना समजू नये.

आखाताविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आपल्या कोकणातल्या निम्म्या पोरांचे डोळे तिकडेच लागलेले असतात. तिथे नोकरीपूर्वी तुझ्या कागदांची पडताळणी मूळ ठिकाणी होते. डेटाफ्लोसारखी संस्था तुझ्या विद्यापीठाला आणि तुझ्या जुन्या नोकरीच्या ठिकाणाला थेट विचारते की हा मुलगा तुमच्याकडे खरोखर शिकला का, खरोखर कामाला होता का. त्यात पार पडल्यावर परीक्षा, मग त्या देशाच्या आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी. माझ्या एका सहकाऱ्याची पडताळणी अडली, कारण त्याने जिथून प्रमाणपत्र घेतले ती संस्था गाळ्यासकट बंद झाली होती आणि तिच्या वतीने उत्तर द्यायला कोणी उरलेच नव्हते. माणूस कामाला उत्तम होता. श्वासनळीत नळी घालताना त्याचा हात पाहावा असा होता. पण त्याचे तास कोणाच्याच दप्तरात नव्हते. एजंट तुला हे सांगणार नाही, कारण त्याचे पैसे तुझ्या अर्जाच्या दिवशीच वसूल होतात.

इथवर कायद्याचे झाले. कायदा तास मोजतो म्हणून तूही मोज, एवढेच सांगायचे असते तर मी फोनवर सांगितले असते. माझा हट्ट त्याच्याही पलीकडचा आहे.

छातीदाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे तुला पाठ आहे. पुतळ्यावर तू ते करूनही दाखवशील. पण आंबोली घाटात गाडी वळणे घेत असताना, एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट धरून दुसऱ्या हाताने श्वास देण्याची बॅग दाबायची वेळ येते, तेव्हा घाबरलेला माणूस ती भराभर आणि जोरात दाबतो. हवा पोटात जाते, रुग्णाला उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. दर सहा सेकंदांनी एकदा, छाती जेमतेम उचलेल इतकेच दाबायचे असते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. धार काढणाऱ्याच्या बोटांना जसा कासेचा अंदाज असतो तसा तो बोटांतच मुरावा लागतो, आणि त्याला तास लागतात.

पहाटे जमिनीवर झोपलेला मजूर पोटात दुखते म्हणून उठतो. अंगावर सूज नाही, दंशाची खूण दिसत नाही, घरचे म्हणतात रात्रीचे जेवण बाधले. ज्याने मण्यारीचे रुग्ण पाहिले आहेत तो पोट तपासण्याआधी पापण्या पाहतो. त्या जड होऊन खाली येत असतील तर पुढच्या काही वेळात श्वास बंद पडणार आहे हे त्याला कळते. तो बॅग-मास्क हाताशी काढून ठेवतो आणि विषरोधक लस व व्हेंटिलेटर जिथे आहे त्याच रुग्णालयाकडे गाडी वळवायला सांगतो. कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते. त्याचे भिजलेले कपडे काढून अंग धुवायचे असते, आणि त्याआधी आपण हातमोजे घालायचे असतात, नाहीतर गाडीत दोन रुग्ण होतात. तुझ्या सहा महिन्यांत यातले काय पाहिलेस? प्रसूतिगृहात किती रात्री काढल्यास? तुझ्या पत्रातल्या शांततेवरून उत्तर मला कळले आहे.

यावर तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे, कारण वर्गातला प्रत्येक हुशार विद्यार्थी ते कधी ना कधी म्हणतोच: ‘ताई, तुम्ही तरी कुठे चार वर्षे शिकलात?’ नाही शिकले. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाली, २००८ मध्ये गोव्यात आली, आणि मी सिंधुदुर्गातून सीमा ओलांडून तिथे कामाला लागले तेव्हा पदवीचे नाव कोणी काढत नव्हते. थोडके प्रशिक्षण देऊन आम्हाला गाडीवर चढवले. बाकीचे आम्ही कॅज्युअल्टीतल्या जुन्या सिस्टरांच्या मागे मागे फिरून शिकलो. ड्यूटी संपल्यावर घरी न जाता तिथेच थांबलो, टाके कसे घालतात, ईसीजी कसा वाचतात हे बघत राहिलो. तास आम्हीही भरले. फक्त त्या तासांवर कोणाची सही झाली नाही.

पुढे पदवीचे वर्ग निघाले. तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते, घर माझ्या पगारावर होते आणि मी गेले नाही. ती चूक होती असे मी अजूनही म्हणणार नाही. त्या परिस्थितीत दुसरे कोणीही तेच केले असते, आणि आमच्या पिढीच्या हातून जी माणसे जिवंत रुग्णालयात पोहोचली त्यांनी आमची पदवी विचारली नव्हती. आज मात्र विद्यार्थ्यांना श्वसनमार्गाची सगळी प्रात्यक्षिके मी शिकवते आणि त्यांच्या लॉगबुकवर सही एक तरुण डॉक्टर करतो, कारण माझी सही चालत नाही. तो भला मुलगा आहे. सही करताना माझ्याकडे पाहत नाही. मला त्याचे वाईट वाटते का? वाटते. त्यामुळे आम्ही कमी ठरतो का? अजिबात नाही, आणि हे मी कोणाशीही भांडून सांगेन. पण तुझ्यापुढे आज जे दार उघडे आहे ते आमच्यापुढे नव्हते, आणि तू ते सोडून आमच्याच आडवाटेने यायला निघाला आहेस, म्हणून मला तुझा राग येतो.

तुझी दुसरी शंका रास्त आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाड्यांवर डॉक्टर असतात, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांची रचनाच तशी होती. मग ईएमटीने जायचे कुठे? खासगी रुग्णालयांच्या कार्डिअॅक गाड्या, कारखान्यांची प्राथमिक उपचार केंद्रे, आणि शेजारच्या गोवा, गुजरात, कर्नाटकातल्या १०८, जिथे गाडीवर ईएमटीच असतो. या देशात रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ नावाचे मानक आहे. स्ट्रेचर कसे बसवायचे आणि कोणत्या वर्गाच्या गाडीत कोणते उपकरण हवे, हे त्यात बारकाईने लिहिले आहे. स्ट्रेचरचे नियम बरीच वर्षे आधी झाले आणि स्ट्रेचरशेजारच्या माणसाचे नंतर, यावर मी फार बोलत नाही. माझा रक्तदाब वाढतो.

तेव्हा काय करायचे ते ऐक. एजंटाला आगाऊ रक्कम देऊ नकोस. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, तीन वर्षे वर्ग आणि एक वर्ष इंटर्नशिप अशा पदवीचा अभ्यासक्रम छापील स्वरूपात माग आणि फी पाहण्याआधी तासांचा तक्ता पाहा. कॅज्युअल्टी किती, अतिदक्षता विभाग किती, भूल विभाग किती, प्रसूतिगृह किती, प्रत्यक्ष गाडीवर किती, आणि ते कोणत्या रुग्णालयात. रुग्णालयाशी लेखी करार आहे का, हे कार्यालयात विचार. कारकून वैतागला तर वैतागू दे. लॉगबुक पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ताब्यात ठेव आणि सही त्याच पाळीत घे, महिनाअखेरीस घेऊ नकोस. सहा महिन्यांचे ते प्रमाणपत्र फाडू नकोस, पण त्यावर भरवसाही ठेवू नकोस; शिकत असताना एखाद्या रुग्णालयात साहाय्यकाची पाळी मिळवायला ते कामी येईल.

चार वर्षांनी तू पंचविशीत असशील. ‘तोवर मित्र कुठल्या कुठे पोहोचतील’ हे तुझे वाक्य मी वाचून सोडून दिले आहे.

वडिलांशी काय बोलायचे हे तुला सुचत नसेल तर येत्या रविवारी त्यांना घेऊन माझ्याकडे ये. त्या संस्थेची फीची पावती, प्रवेशाच्या वेळी दिलेले माहितीपत्रक आणि तुझी हजेरी, जे असेल ते सगळे बरोबर आण. भरलेली फी परत मिळते का ते आधी पाहू. संस्थेच्या चालकाशी बोलायला मी स्वतः येईन.

तुझी,
ताई