स्क्रीन रेकॉर्डिंगची फाइल लहान केल्यावर अक्षरे पुसट का होतात?

आपण खानापूर तालुक्यातील मराठी शेतकऱ्यांसाठी कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर पहाणी उतारा (सातबारासारखा जमिनीचा उतारा) कसा पाहावा हे दाखवणारा 20 मिनिटांचा व्हिडिओ केला, त्याची फाइल 900 एमबीची झाली आणि ती 480पी (चित्राची उंची 480 ओळी) करून लहान केल्यावर अक्षरे वाचता येईनाशी झाली, असे आपण लिहिले आहे. मी बेळगावात संगणक शिकवतो आणि असे व्हिडिओ नेहमी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

20 मिनिटांत 900 एमबी म्हणजे सेकंदाला सुमारे 6 मेगाबिट. बहुधा आपल्या प्रोग्राममध्ये बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायच्या माहितीचे प्रमाण, स्थिर ठेवलेला असावा. उताऱ्याचे पान पडद्यावर बराच वेळ हलतच नाही, आणि व्हिडिओ आवळण्याची एच.264 पद्धत आधीच्या फ्रेमपेक्षा (क्षणचित्रापेक्षा) जे बदलले तेवढेच मुख्यतः नोंदवत असल्याने अशा चित्राला फार थोडी जागा पुरते; ठरावीक बिटरेट मात्र गरज नसतानाही जागा खर्च करत राहतो. म्हणून ओबीएस स्टुडिओ या मोफत प्रोग्राममध्ये एक्स264 एन्कोडर (एच.264 पद्धतीने व्हिडिओ आवळणारा भाग) घेऊन सीआरएफ निवडावा, म्हणजे बिटरेटऐवजी दर्जा स्थिर राहतो, त्याचे मूल्य 20 ते 23 ठेवावे (आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला) आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला फ्रेमची संख्या, 30 ऐवजी 15 करावा. माउसची हालचाल किंचित तुटक दिसेल, पण शिकणाऱ्याचे त्यात काहीही अडत नाही.

अक्षरांचे नुकसान झाले ते 480पीमुळे. 1080 ओळींचे चित्र 480 ओळींत बसवले की कन्नड अक्षराखालचे ओत्तक्षर (जोडाक्षरातील खाली लिहिलेले व्यंजन) आणि आपल्या देवनागरीतील अनुस्वार व रफार आधी नाहीसे होतात. होबळी (तालुक्यातील गावांचा महसुली गट), गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा निवडताना पाहणाऱ्याला एकेक अक्षर जुळवून पाहावे लागते, कारण पान कन्नडमध्ये आहे आणि आपले स्पष्टीकरण मराठीत; तेव्हा जागा वाचवण्यासाठी रिझोल्यूशनला (चित्राच्या ओळींच्या संख्येला) हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. उलट, रेकॉर्डिंगपूर्वी ब्राउझरचा झूम 150 टक्के करावा, म्हणजे फोनच्या लहान पडद्यावरही मजकूर वाचता येतो. पांढऱ्यावर काळी अक्षरे सर्वांत स्वच्छ उतरतात, कारण या व्हिडिओंत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते.

रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात करावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि अर्धवट राहिलेली साधी एमपी4 फाइल बहुधा उघडतच नाही, तर एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग शाबूत राहतो. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे व्हिडिओ पुन्हा न आवळता फक्त फाइलचे स्वरूप बदलून, एमपी4 मिळते, दर्जा जराही न घटवता.

आधीची फाइल पुन्हा रेकॉर्ड करणे शक्य नसेल, तर मूळ 900 एमबीची फाइल हँडब्रेक या व्हिडिओ आवळणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये घ्यावी, चित्राचे रिझोल्यूशन तेच ठेवावे, आरएफ (तेथील सीआरएफ) 22 च्या आसपास, फ्रेमरेट 15, प्रीसेट ‘स्लो’ आणि आवाज मोनो 64 केबीपीएस. एच.265 या नव्या पद्धतीने फाइल आणखी लहान होईल, परंतु गावातील जुन्या फोनवर ती चालेलच असे नाही. फाइल झिप करण्यात अर्थ नाही, कारण ती आधीच आवळलेली असते.

व्हॉट्सअॅपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवल्यास फाइल पुन्हा दाबली जाते आणि अक्षरे परत बिघडतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, तेथे 2 जीबीपर्यंतची फाइल आहे तशी जाते.