लॅपटॉपवर कंपाइल केलेला प्रोग्राम रास्पबेरी पाय झिरोवर चालत नाही. क्रॉस कंपायलिंगची (एका यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम बांधण्याची) मांडणी कशी करावी?

दारव्हा तालुक्यातल्या भाऊंनी विचारलंय ते थोडक्यात असं: विहिरीवरच्या मोटारीसाठी कंट्रोलर करताहेत. बोर्ड रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू, त्यावर रास्पबेरी पाय ओएसची बुल्सआय ही आवृत्ती. मीटर आरएस-४८५ या वायरच्या जोडणीवरून वाचायचंय म्हणून लिबमॉडबस ही लायब्ररी. बोर्डावरच कंपाइल केलं तर जेवण उरकून होतं, म्हणून उबुंटू २२.०४ असलेल्या लॅपटॉपवर प्रयत्न केला. आधी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला, मग ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’, आणि स्टॅटिक लिंक केल्यावर (लायब्ररी प्रोग्राममध्येच भरल्यावर) ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’. शेवटी लिहिलंय, “काहून होते असं?”

भाऊ, तुम्हाला वाटतंय तुम्ही एकाच खड्ड्यात तीनदा पडलात. तसं नाही. हे तीन वेगळे खड्डे आहेत आणि प्रत्येक वेळी तुम्ही एक ओलांडून पुढच्यात गेलात. मी वरुडकडचा. संत्र्याच्या बागेत ओलावा बघून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पेट्या बनवतो, त्याही झिरोवरच. हेच तीन खड्डे मला याच क्रमाने लागले होते.

पहिला सोपा. तुम्ही लॅपटॉपचाच जीसीसी कंपायलर वापरला. त्याने इंटेलच्या प्रोसेसरसाठी फाइल बनवली, बोर्डाचा प्रोसेसर आर्म या वेगळ्या जातीचा. कोणतीही फाइल बोर्डावर नेण्याआधी तिच्यावर ‘फाइल’ नावाची कमांड चालवायची सवय लावा, कोणत्या जातीची आहे ते एका ओळीत कळतं.

दुसरा. तुम्ही उबुंटूचा तयार क्रॉस कंपायलर टाकला, नावात शेवटी ‘ग्नूईएबीआयएचएफ’ असलेला. आर्म झालं, पण त्या कंपायलरसोबत उबुंटूची स्वतःची सी लायब्ररी येते, जीलिबसी २.३५. तुमच्या बुल्सआयवर आहे २.३१. जीलिबसीचा नियम एकाच दिशेने चालतो: जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. मग एरर २.३५ ऐवजी २.३४ का म्हणतो? २०२१ मध्ये आलेल्या २.३४ ने ‘मेन’च्या आधी चालणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनला नवा आवृत्ती-शिक्का दिला. त्यामुळे नुसतं ‘हॅलो’ छापणारा प्रोग्रामही तो शिक्का मागतो. तुमच्या कोडमध्ये काही चुकलेलं नाही.

तिसरा खड्डा खरा खोल आहे, माझे तिथे चार दिवस गेले.

स्टॅटिक केल्याने लायब्ररीचं भांडण मिटलं, म्हणून प्रोग्राम सुरू तरी झाला. सुरू झाल्याझाल्या मेला, कारण झिरोचा प्रोसेसर एआरएम-११७६, म्हणजे आर्मव्ही६. डेबियन आणि उबुंटू ज्याला ‘आर्मएचएफ’ म्हणतात ते आर्मव्ही७ पासून पुढचं. रास्पबेरी पायच्या ३२ बिट ओएसलाही ‘आर्मएचएफ’ असंच नाव आहे, पण ते आर्मव्ही६ साठी वेगळं बांधलेलं असतं. नाव तेच, माल वेगळा. पेरणीच्या दिवसांत एकाच नावाच्या बियाण्याच्या दोन पिशव्या दुकानात दिसाव्यात, तसं.

यावर पहिली युक्ती सुचते ती अशी की कंपायलरला आर्किटेक्चर म्हणून आर्मव्ही६ सांगायचं. मीही तेच केलं. आधी तो थंब (आर्मच्या आखूड सूचनांचा संच) आणि हार्ड फ्लोट (दशांशाचं गणित हार्डवेअरवर) एकत्र जमत नाही म्हणून कुरकुरला, तो पर्याय बदलला, नीट कंपाइल झालं, आणि बोर्डावर पुन्हा इल्लिगल इन्स्ट्रक्शन! कारण त्या पर्यायाने फक्त माझा कोड आर्मव्ही६ चा झाला. प्रोग्रामला सुरुवातीला जोडली जाणारी सीआरटी-१ ही छोटी ऑब्जेक्ट फाइल आणि आख्खी सी लायब्ररी पॅकेजमधून आलेली, ती आधीच आर्मव्ही७ मध्ये शिजवलेली. फाइलची आतली माहिती दाखवणाऱ्या ‘रीडएल्फ’ कमांडला मोठ्या ए चा पर्याय देऊन बघा, ‘टॅग सीपीयू आर्च’ समोर व्ही७ दिसेल. ती ओळ दिसली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि बाहेर थ्री फेज आली म्हणून शेजारच्या वावरातल्या मोटारी एकेक करून सुरू होत होत्या.

म्हणून तयार पॅकेज तुमच्या बोर्डासाठी सोडा. क्रॉसटूल-एनजी हे साधन वापरून स्वतःचा टूलचेन (कंपायलर, लिंकर आणि सी लायब्ररीचा संच) बांधा. मेन्यूमध्ये एवढं भरायचं: टार्गेट आर्म, आर्किटेक्चर आर्मव्ही६, सीपीयू एआरएम-११७६ जेझेडएफ-एस, एफपीयू व्हीएफपी, फ्लोट हार्डवेअर, सी लायब्ररी जीलिबसी २.३१, लिनक्स हेडरची आवृत्ती बोर्डावरच्या कर्नलपेक्षा नवी नको. सी++ वापरणार असाल तर जीसीसी १० निवडा, बुल्सआयवर तोच आहे. नाहीतर हेच आवृत्तीचं भांडण सी++ च्या लायब्ररीवरून पुन्हा सुरू होईल. रूट म्हणून चालवू नका, तो नकार देतो. ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे व्हेरिएबल सेट असेल तरी नकार देतो, ते आधी पुसा.

आता आपल्याकडची गोष्ट. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे बांधकाम दोन तासांवर चाललं, आणि लाईन दोन तास सलग राहणं हा नशिबाचा भाग. पहिल्यांदा बॅटरी बसली आणि सगळं पहिल्यापासून. मग मेन्यूतल्या डीबगच्या भागात ‘इंटरमीडिएट स्टेप्स सेव्ह करा’ असा एक पर्याय सापडला. तो आधीच चालू ठेवा. मग लाईन गेली तरी जिथवर पोचलं होतं त्या पायरीच्या नावाच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावून तिथून पुढे सुरू करता येतं. डिस्कवर जागा जास्त खातो, खाऊ द्या.

नेटचंही तसंच. गावात एक काडी नेटवर्कवर कर्नलची आख्खी टारबॉल (सोर्स कोडची दाबलेली फाइल) उतरवणं म्हणजे शिक्षा. क्रॉसटूल-एनजीला ‘सोर्स’ एवढाच आदेश दिला तर तो निवडलेल्या आवृत्त्यांच्या टारबॉल उतरवून थांबतो, बांधत नाही. तालुक्याला जाल तेव्हा मित्राच्या वायफायवर हे करून घ्या, काहीशे एमबीचं काम आहे. टारबॉलचा फोल्डर ठरवून द्या आणि पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा.

टूलचेन झाला की उरतं लिबमॉडबस. माझ्या मते सगळ्या मांडणीत महत्त्वाचं हेच: लायब्ररी इंटरनेटवरून शोधू नका, बोर्डावरूनच उचला. बोर्डावर लिबमॉडबसचं डेव्ह पॅकेज टाका आणि बोर्डाचे ‘लिब’ आणि ‘यूएसआर’मधले ‘लिब’ व ‘इन्क्लूड’ हे फोल्डर आरसिंक या कॉपी करण्याच्या साधनाने लॅपटॉपवर ओढून घ्या. यालाच सिसरूट म्हणतात. बोर्डावर जे आहे त्याचीच नक्कल तुमच्याकडे असली की आवृत्तीचा वाद उरतच नाही.

यात दोन गोष्टी अडतात. एक, त्या फोल्डरांतल्या काही सिमलिंक (दुसऱ्या फाइलचा नुसता पत्ता सांगणाऱ्या फाइल) स्लॅशपासून सुरू होणाऱ्या असतात, म्हणजे नक्कल केल्यावर त्या तुमच्या लॅपटॉपच्या ‘लिब’कडे बोट दाखवतात. प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा लिंकर मग ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ म्हणत बसतो. ‘सिमलिंक्स’ नावाचं छोटं साधन त्या सापेक्ष करून देतं. दुसरं, डेबियन लायब्ररी एका उपफोल्डरात ठेवतो, ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ नावाच्या. क्रॉसटूलच्या कंपायलरला तो माहीत नसतो. मी सी लायब्ररी टूलचेनसोबतचीच ठेवतो आणि लिबमॉडबससाठी फक्त तो उपफोल्डर लिंकरला दाखवतो, त्याच्या आरपाथ-लिंक या पर्यायासकट. लायब्ररीचा पत्ता शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिग वापरत असाल तर त्याचा लिबडीर (शोधायचा फोल्डर) सिसरूटकडे वळवा, नाहीतर तो बिनदिक्कत लॅपटॉपची लायब्ररी हातात देतो.

बोर्डावर नेण्याआधी लॅपटॉपवरच क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या साधनाच्या ‘क्यूईएमयू-आर्म’वर चालवून बघता येतं, पण त्याला सीपीयू एआरएम-११७६ असं सांगा. न सांगितलं तर तो नव्या प्रोसेसरचं सोंग घेतो आणि आर्मव्ही७ चा कोडही गोड मानून चालवतो. चार दिवसांतला एक दिवस मी यातच घालवला.

डीबगिंगसाठी बोर्डावर जीडीबीसर्व्हर, लॅपटॉपवर टूलचेनचाच जीडीबी हा डीबगर. डीबगच्या चिन्हांसकटची (फंक्शनांची नावं वगैरे) फाइल लॅपटॉपवर ठेवा, बोर्डावर स्ट्रिप केलेली, म्हणजे ती चिन्हं काढलेली, पाठवा.

वायफाय विहिरीपर्यंत पोचत नसेल तर सिरियल कन्सोल ठेवा: पिन ६ ग्राउंड, ८ टीएक्स, १० आरएक्स, वेग ११५२००. टीएक्स समोरच्या आरएक्सला जातो, हे लिहितोय कारण अंधारात स्टार्टरच्या पेटीपाशी उकिडवं बसून टॉर्च तोंडात धरला की हेच उलटं होतं. कन्व्हर्टर ३.३ व्होल्टचाच घ्या. माझा पहिला ५ व्होल्टवर होता, त्या झिरोची आरएक्स पिन तेव्हापासून बहिरी आहे. झिरो डब्ल्यूवर बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी (सिरियल पोर्ट) चालू करावा लागतो, तेही घरूनच करून निघा.

एक शंका राहते. तुमच्या बोर्डावर नक्की ‘झिरो डब्ल्यू’च छापलंय ना? ‘झिरो २ डब्ल्यू’ असेल तर त्यात कॉर्टेक्स-ए५३ आहे, तो आर्मव्ही७ चा कोड चालवतो. मग तुमचा स्टॅटिक प्रोग्राम इल्लिगल इन्स्ट्रक्शन देऊन मरायला नको होता, आणि भानगड दुसरीच कुठेतरी आहे. तसं असेल तर ‘प्रॉक’मधल्या सीपीयूइन्फोचं आणि त्या रीडएल्फचं आउटपुट इथे खाली चिकटवा, बघून सांगतो.