वाचक विचारतात : डब्लिनची जॉर्जियन घरं

डब्लिनच्या जॉर्जियन टाउनहाउसेसवर, म्हणजे ब्रिटनच्या जॉर्ज राजांच्या काळात भिंतीला भिंत लावून बांधलेल्या शहरी घरांवर, मागच्या अंकात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न घेतलेत, बाकीचे साधारण याच अंगाने जाणारे होते.

प्रश्न : मुलगी डब्लिनला असते, तिच्याकडे गेलो असताना मेरियन स्क्वेअर बघितला. खरं सांगायचं तर निराशा झाली. विटांच्या सपाट भिंती, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं अशी घरं, रंगीत दारं तेवढी छान. यात कायद्याने जपण्यासारखं एवढं काय आहे?

उत्तर : तुम्ही जे बघितलं ते बरोबरच आहे, बाहेरचा साधेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. हा स्क्वेअर १७६२ पासून आखला गेला. पद्धत अशी होती की जमीनदार प्लॉट पाडून लीजवर द्यायचा, बिल्डर एकदोन प्लॉट घ्यायचा आणि घराची रेषा, उंची वगैरे लीजच्या अटींतच लिहिलेलं असायचं. म्हणून सगळं एकसारखं वाटतं, पण परत गेलात तर शेजारशेजारच्या दोन घरांच्या खिडक्यांच्या खालच्या कडा नीट बघा, बऱ्याच ठिकाणी त्या एका रेषेत नसतात, वरचा कठडाही एखाद्या घराशी चार विटांनी चढतो, तिथे एक बिल्डर संपला आणि दुसरा सुरू झाला.

पैसा ओतलाय तो आत. दाराच्या वरचं ते पंख्याच्या आकाराचं तावदान, फॅनलाइट, हे दिसायला सुंदर आहेच पण मुळात ते हॉलमध्ये उजेड यावा म्हणून, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. हॉलमधून जिना, आणि जिन्याच्या भिंतींवर, छतांवर चुन्याच्या गिलाव्याचं नक्षीकाम. लोअर डॉमिनिक स्ट्रीटवर २० नंबरचं घर आहे, रॉबर्ट वेस्ट या कारागिराने १७५० च्या दशकात बांधलेलं, तिथे जिन्याच्या भिंतीतून गिलाव्याचे पक्षी अक्षरशः बाहेर झेपावतात, चोच, पंख सगळं मोकळं हवेत. म्हणूनच आयर्लंडमध्ये एखादं घर प्रोटेक्टेड स्ट्रक्चर, म्हणजे कायद्याने संरक्षित वास्तू, ठरलं की फक्त दर्शनी भिंत नाही तर आतलं सगळं, शिवाय मागचं आवार आणि त्यातली जुनी बांधकामंसुद्धा संरक्षणात येतात. मला हा नियम अगदी योग्य वाटतो, पुढची भिंत ठेवायची आणि मागे नवं ऑफिस उभं करायचं याला जतन म्हणता येत नाही.

प्रश्न : वरच्या मजल्यांच्या खिडक्या लहान लहान होत जातात. गाइडने सांगितलं की खिडक्यांवर टॅक्स होता म्हणून. खरंय का?

उत्तर : नाही. आयर्लंडमध्ये खिडक्यांवरचा टॅक्स १७९९ मध्ये आला, आणि यातली बहुतेक घरं त्याआधीच बांधून झाली होती. खिडक्या घरातल्या उतरंडीप्रमाणे आहेत. तळघरात स्वयंपाकघर आणि नोकर, दारातून आत गेल्यावर जेवणाची खोली, त्याच्या वरचा मजला पाहुण्यांसाठी म्हणून छत सगळ्यात उंच आणि खिडक्या सगळ्यात मोठ्या, त्यावर झोपायच्या खोल्या, आणि अगदी वर मुलं आणि नोकर. म्हणजे रस्त्यावर उभं राहून नुसत्या खिडक्यांच्या उंचीवरून कुठे कोण राहायचं ते कळतं.

आणखी एक गोष्ट. तळघर म्हणताना डोळ्यांसमोर खोल खणलेला खड्डा येतो, पण डब्लिनमध्ये बऱ्याच ठिकाणी उलटं आहे, रस्ताच विटांच्या कमानींवर उचलून घेतलाय, म्हणून मागच्या बाजूने बघितलं तर तळघर बागेच्या लेव्हलला असतं. फुटपाथखालच्या त्या कमानींत कोळसा साठवायचे. फुटपाथच्या ग्रॅनाइटच्या फरशीत लोखंडी गोल झाकणं दिसतात, कोळसा तिथून खाली ओतायचे.

प्रश्न : आम्ही डब्लिनमध्ये अशाच एका घराच्या वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. खिडक्यांतून गार वारा येतो, कोपऱ्यात ओल आहे, पोपडे पडतात. मालक म्हणतो घर प्रोटेक्टेड आहे, काहीच करता येत नाही. खरंच असं असतं का?

उत्तर : काहीच करता येत नाही हे चूक आहे. घराचं मूळ रूप बिघडवणाऱ्या कामाला परवानगी लागते, देखभाल आणि दुरुस्तीला सहसा नाही, उलट घर खराब होऊ न देणं ही मालकाची आणि राहणाऱ्याचीसुद्धा कायदेशीर जबाबदारी आहे. कुठल्या कामाला परवानगी लागेल आणि कुठल्या नाही हे काउन्सिलला, म्हणजे तिथल्या महापालिकेला, लेखी विचारता येतं, प्लॅनिंग कायद्यात ही सोय दिली आहे आणि तो अर्ज मालकच नाही तर राहणाराही करू शकतो, हे बऱ्याच भाडेकरूंना माहीतच नसतं.

आता ओल. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात ओल म्हटली की मी आधी छपराकडे बघायला सांगेन. या घरांचं छप्पर कठड्याच्या मागे लपवलेलं असतं, खूपदा दोन उतार आणि मध्ये शिशाच्या पत्र्याची पन्हळ, ती पानांनी तुंबली की पाणी भिंतीत उतरतं, रस्त्यावरून काही दिसत नाही. वर्षातून दोनदा ती साफ करायलाच हवी. दुसरं कारण सिमेंट. या भिंती विटा आणि चुन्याच्या आहेत, आत गेलेला दमटपणा चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडतो, पण मधे कधीतरी कुणी ते सांधे सिमेंटने भरले किंवा आतून प्लॅस्टिक पेंट मारला की पाणी आतच कोंडतं आणि मग पोपडे. वर परत पेंट मारून उपयोग नाही, सिमेंट विटा न फोडता काढता येत असेल तर काढून चुनाच भरावा लागतो आणि ते चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याकडूनच करून घ्यायला हवं.

खिडक्या मात्र बदलू नका. चौकटीच्या पेटीत दोरीला वजनं टांगलेली असतात, त्यावर ती खिडकी वरखाली सरकते, दोरी तुटली तर दोरी बदलते, लाकूड कुजलं तर तेवढाच तुकडा बदलतो. फटींना पट्ट्या लावता येतात, आतून दुसरं तावदान बसवता येतं (आधी काउन्सिलला विचारून), आणि खिडकीच्या कडेच्या लाकडी पॅनेलमध्ये घडीच्या झडपा आहेत का बघा, बऱ्याच घरांत त्या पेंटने चिकटून बसलेल्या असतात. मोकळ्या करून रात्री लावल्या तर खूप फरक पडतो. आणि काच जर जुनी, हाताने फुगवून फिरवलेली असेल, म्हणजे तिच्यात समोरचं घर किंचित लाटांसारखं हलताना दिसत असेल, तर तिला जिवापाड जपा.

प्रश्न : ही घरं ब्रिटिश अमलातल्या जमीनदारांची. स्वतंत्र आयर्लंडने ती का जपायची?

उत्तर : हा प्रश्न आयर्लंडमध्येच अनेक वर्षं विचारला गेलाय आणि त्यात खूप काही हरवलंय. लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची १६ घरांची सलग रांग १९६५ मध्ये वीज मंडळाच्या ऑफिससाठी पाडली, ही घरं वाचवण्यासाठी झटणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीने केवढा विरोध केला तरी. त्याआधी १९६३ च्या जूनमध्ये बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीटवर जुनी घरं कोसळून चार जण गेले, त्यात दोन लहान मुली, आणि मग धोकादायक म्हणून घरं भराभर पाडली गेली. लोकांची भीती खरी होती हे विसरून चालणार नाही.

पण घर जमीनदाराचंच राहिलं का? हेन्रिएटा स्ट्रीटचं १४ नंबर घ्या. १७४० च्या दशकाच्या शेवटी बांधलं, पहिले राहणारे लॉर्ड मोल्सवर्थ. १८०१ पासून डब्लिनची पार्लमेंटच उरली नाही, सरदार लंडनला गेले, मग वकील आले, ऑफिसं आली. १८७७ मध्ये थॉमस व्हान्स नावाच्या माणसाने घेऊन त्याचे १९ फ्लॅट पाडले, भव्य जिना जागा खातो म्हणून काढूनच टाकला. १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात १०० माणसं होती. शेवटचं कुटुंब १९७० च्या दशकाच्या शेवटी बाहेर पडलं. म्हणजे मजुरांची कुटुंबं इथे जवळजवळ शंभर वर्षं राहिली, सरदारांपेक्षा जास्त. आयरिश लोकांच्या आज्याआजोबांचं हे घर आहे!

काउन्सिलने ते दुरुस्त करून २०१८ मध्ये म्युझियम केलं तेव्हा फक्त सरदारी थाट परत आणला नाही हे मला फार मोलाचं वाटतं. टेनेमेंटच्या, म्हणजे घराची चाळ झाली होती त्या काळातला हॉलचा तो गेरूसारखा लाल आणि निळीचा निळा रंग भिंतींवर राहू दिलाय, वर नक्षीचं छत आणि खाली तो स्वस्तातला रंग, दोन्ही एकत्र बघायला मिळतं. आत गाइडबरोबरच सोडतात, त्यामुळे जाणार असाल तर आधी बुकिंग करा.