एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांचं १५-२० वर्षांनी काय होतं, याची नोंद भारतात कोणी ठेवतं का?

ठेवतात की. पण त्या नोंदीवर माझा अर्धाच विश्वास आहे, कारण मी नवी मुंबईत काही वर्षं एका संस्थेत आउटरिच वर्कर होते, म्हणजे एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, देणाऱ्या केंद्राला) यायचे बंद झालेले पेशंट शोधायचं काम.

बाहेर हे काम नीट झालंय. अमेरिकेत १९८४ पासून, स्वित्झर्लंडमध्ये १९८८ पासून तीच माणसं धरून वर्षानुवर्षं तपासत राहिले. अशाच पाठपुराव्यातून २००८ मध्ये दिसलं की अबॅकाव्हिर हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांना हार्ट अटॅक जास्त येतायत. आपल्याकडे सरकारी फुकट एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, पहिल्या सेंटरांत जेजे होतं, म्हणजे २० वर्षं गोळ्या खाणारी माणसं आपल्यातच आहेत. पण रजिस्टरला मुख्य इंटरेस्ट कशात? औषधावर आहे, वारला, ट्रान्सफर आउट म्हणजे दुसऱ्या सेंटरला गेला, नाहीतर एलएफयू (लॉस्ट टू फॉलोअप), म्हणजे तीन महिने फिरकलाच नाही. आता व्हायरल लोडही होतो, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजतात. पायाला मुंग्या येतात का, हाडं दुखतात का, हे कोणी विचारलं तर लिहिलं जातं.

माझ्या यादीत एक माथाडी मामा होते, मूळचे पाटणकडचे, कोपरखैरण्यात राहायचे आणि एपीएमसीच्या भाजी मार्केटला रात्रपाळी. एलएफयू. फोन बंद, घरी गेलं तर दाराला कुलूप, शेजारी विचारणार कोण तुम्ही, आणि आपण काय सांगणार? सरळ सांगायची सोय नाही, आणि ते बरोबरच आहे. मी बचत गटाची म्हणून सांगायचे. शेवटी पहाटे गाड्या खाली होतात त्या वेळेला गाळ्यांच्या मागच्या चहावाल्याकडे जाऊन बसले तेव्हा भेटले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ताई, बंद कुठं केल्यात गोळ्या, गावाकडनं घेतोय की."

झालं असं की इथल्या लाईनीत त्यांना गावचाच एक जण दिसला, तेव्हापासून इथं पाय ठेवला नाही. महिन्याला भाजीच्या परतीच्या टेम्पोत बसून गावी जायचे आणि तिकडच्या सेंटरवरनं गोळ्या आणायचे. तिकडे जुनं ग्रीन बुक, म्हणजे पेशंटकडची उपचाराची वही, दाखवलंच नाही, आधी औषध सोडलं म्हणून ओरडतील ही भीती. म्हणजे तिकडे नवा पेशंट, नवा नंबर, इकडे एलएफयू. एकाच माणसाचे दोन हिशोब, दोन्ही चुकीचे.

तुमचा प्रश्न लॉंग टर्मचा आहे म्हणून पुढचं सांगते. बोलता बोलता ते उठले आणि एक चप्पल मागेच राहिली, त्यांना पत्ताच नाही, चार पावलं तसेच चिखलातून गेले. पायाला संवेदनाच नव्हती. गालही बसलेले. सुरुवातीची काही वर्षं स्टॅव्हुडीनवर होते, त्या औषधाने हे दोन्ही व्हायचं, डब्ल्यूएचओने २००९ मध्ये ते बंद करत आणा म्हणून सांगितलं, आपल्याकडून जायला आणखी काही वर्षं लागली. पण नव्या सेंटरच्या कागदावर स्टॅव्हुडीनचा उल्लेखच नाही. मग पाय कशाने गेले? डॉक्टरला वाटणार दारू, नाहीतर शुगर. आणि मधे गोळ्या सोडल्या-धरल्या असतील तर व्हायरस जुन्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, नवं ठरवताना ती हिस्टरी लागते, ती आमच्या कपाटात पडलेली.

मी हे सगळं लिहून दिलं. आमचे डेटा बघणारे सर म्हणाले, एवढं कशाला, ट्रान्सफर आउट टाक. नंतर कळलं की हे ते सगळ्यांनाच सांगायचे, माणूस सापडो न सापडो, कारण एलएफयू वाढला की सेंटरला बोलणी बसतात आणि ट्रान्सफर आउटला कोणी विचारत नाही. मी नाही टाकलं. त्यावरून जे वाजलं ते वाजलंच. माझं मत आजही तेच आहे: जो दुसरीकडे पोचल्याचं कोणी फोन करून विचारलं नाही तो ट्रान्सफर नाही, आणि एलएफयूतले सगळे मेले असंही नाही, सगळे जिवंत असंही नाही. औषधावर असलेल्यांचेच रिझल्ट मोजले तर ते चांगलेच दिसणार, वाईट झालेला माणूस लाईनीत उभाच नसतो ना.

मी डॉक्टर नाही, आणि मी काम सोडून बरीच वर्षं झाली. आता नाकोचं (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचं) सोच हे पेशंटच्या नोंदींचं पोर्टल आलंय, एकाच माणसाला दोन नंबर असे प्रकार कमी झाले असतील. नवीन लोकांना डोल्युटेग्राव्हिरवाली एकच गोळी मिळते, ती खूपच बरी आहे, वजन वाढतं काहींचं. म्हणून हे वाचून कोणी घाबरून औषध सोडू नका.

डेटा हवा असेल तर नाकोचे संकलक रिपोर्ट बघा, त्यात एकूण आकडे मिळतील. नावानिशी फायली मागत फिरू नका, २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे. पण कुठल्या सेंटरला परवानगी काढून गेलात तर एवढं नक्की विचारा की ट्रान्सफर आउटपैकी किती जण पोचल्याची खात्री केली. मी विचारलं होतं तेव्हा उलट मलाच विचारलं होतं, तुमच्या प्रवासखर्चाच्या बिलात रात्रीची रिक्षा कशी काय.