मूळ वाच

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू धंतोलीला घरी आलीस आणि मोबाईलमधली पंचवीस पुस्तकांची यादी दाखवलीस. जागतिक व्यापारात काम करणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं म्हणे. त्यातल्या अठरा पुस्तकांचे सारांश तू ऐकून संपवले होतेस. तरी बांगलादेशच्या सीमेवर, पेट्रापोलला ट्रक अडकून संत्री सडली तर तोटा कुणाचा, या ढाक्याच्या खरेदीदाराच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, ते तुला सुचत नव्हतं. तेव्हा मी गप्प राहिलो. रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितो आहे.

मूळ वाच. सारांश आजपासून बंद.

२००८ च्या जुलैत आम्ही सोयाबीनच्या डीओसीचे, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचे, सहा कंटेनर नागपुरातल्या अजनीच्या डेपोतून न्हावाशेव्याच्या बंदराला पाठवले. सौदा एफओबी ('फ्री ऑन बोर्ड') अटीवर. म्हणजे बंदरात माल पोचला की आपण सुटलो, असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. जहाज उशिरा लागलं, दोन कंटेनरच्या छताला भोकं होती, माल भिजला आणि त्याला बुरशी धरली. खरेदीदाराने हात वर केले, आणि त्याचंच बरोबर होतं. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या इन्कोटर्म्समध्ये, म्हणजे सौद्यात जोखीम आणि खर्च कुणाचा हे ठरवणाऱ्या अटींच्या पुस्तकात, स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हा २००० ची आवृत्ती लागू होती. माल जहाजाच्या कठड्यापलीकडे जाईपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. माल तसा द्यायचा नसेल तर एफसीए वापरा, त्यात माल वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम संपते. आम्ही तर तो अजनीतच सोपवत होतो! ते पुस्तक आमच्याच ऑफिसच्या कपाटात पडलेलं होतं.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. यूसीपी ६००, म्हणजे बँकांच्या लेटर ऑफ क्रेडिटचे नियम, त्याची ३९ कलमं वाचली. बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही, हे पाचवं कलम वाचल्यावर आमचे पैसे एका चुकलेल्या तारखेपायी का अडकायचे ते कळलं. भागीदार म्हणायचा, "काहून येवढं वाचत बसता? कस्टमचं काम बघायला सीएचए एजंट आहे ना!" दोन वर्षांत आम्ही वेगळे झालो. मी करार चार-चार दिवस अडवून ठेवायचो, त्यात दोन मोठे सौदे हातचे गेले, असं लोक अजून सांगतात. गेले, कबूल. पण पुन्हा एकही कंटेनर माझ्या अंगावर आला नाही. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

तुझ्या यादीतलं मार्क लेव्हिन्सन यांचं 'द बॉक्स' ठेव. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनने ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले आणि वाहतूक स्वस्त झाली, एवढंच तू मला सांगितलंस. गोदी कामगारांच्या संघटनांशी झालेली ओढाताण, डब्याच्या मापावरून झालेली भांडणं, हे सगळं मूळ पुस्तकात आहे. तुझ्या सारांशात नव्हतं. अरब असे, जपानी तसे, असं सांगणारी पुस्तकं मात्र खुशाल काढून टाक.

त्याऐवजी ढाक्याचं 'द डेली स्टार' रोज उघड. त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. संत्र्यावरचं आयात शुल्क वाढलेलं तुला आंबिया बहार तोडायला आल्यावर कळमना बाजारातल्या अडत्याकडून कळावं, हे मला सहन होत नाही. वरुड-मोर्शीच्या बागायतदारांचे हाल तू पाहिले आहेस ना? मग मूळ कागद वाच. बंगाली येत नाही म्हणू नकोस. लिपी महिनाभरात येते. संत्र्याला ते कमला म्हणतात, इथूनच सुरुवात झाली समज.

पुढच्या रविवारी ये. इन्कोटर्म्स २०२० ची माझी प्रत काढून ठेवतो. येताना त्या खरेदीदाराचा करार छापून आण. त्यात एफओबी लिहिलंय असं तू म्हणालीस, आणि एफओबी ट्रकसाठी नसतंच, ते फक्त जलवाहतुकीसाठी आहे. आपण पान काढून बसू. उत्तर तू लिही.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका