जानेवारीत उलानबातरला येताय? आधी धुराचा विचार करा

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला, जानेवारीत नोकरीवर रुजू व्हायचंय, दोन वर्षांची मुलगी सोबत आहे आणि थंडीचे कपडे किती घ्यायचे, असं तुम्ही विचारलंय. कपड्यांचं नंतर सांगते.

मुंबईहून थेट विमान नाही. लेकरू बरोबर असेल तर सोल किंवा हाँगकाँगमार्गे या; इस्तंबूलमार्गे आलात तर आधी उलट्या दिशेला जाऊन तेवढंच परत यावं लागतं. तिकीट एकच, सलग काढा, म्हणजे मध्येच सामान सोडवायला दुसऱ्या देशाचा व्हिसा लागणार नाही.

२०२१ साली सुरू झालेला विमानतळ शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, खुशिगच्या खोऱ्यात आहे. बाहेर पाऊल टाकलं की पहिल्याच श्वासाला नाकातला ओलावा गोठतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, बर्फ खुरांनी उकरून खालचं वाळकं गवत खाणारी घोडी आणि वर लख्ख निळं आकाश. मी तर हरखूनच गेले होते. मग शहर जवळ आलं आणि समोर तपकिरी पट्टा दिसला. मला ढग वाटला. थोड्याच वेळात जिभेवर कोळशाची चव आली.

शहर तूल नदीच्या खोऱ्यात, चहूबाजूंनी डोंगर. हिवाळ्यात गार हवा तळाशी बसते आणि गेरांच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूघरांच्या, वस्त्यांतल्या हजारो चुलींचा धूर तिथेच कोंडतो. २०१९पासून कच्च्या कोळशावर बंदी आहे, त्याऐवजी कोळशाच्या विटा जाळतात. पण धूर काही संपलेला नाही. लहान मुलांच्या छातीला तो फार बाधतो. ज्यांना जमतं ते आईबाप हिवाळ्यात मुलांना शहराबाहेर ठेवतात.

थंडीचं तेवढं भय नको. उणे तीस असलं तरी फ्लॅटमध्ये वीजकेंद्रातून येणारं गरम पाणी नळ्यांतून खेळत असतं, घरात सुती कपड्यांवर वावरता येतं. जाड कोट आणि बूट इथेच घ्या, आपल्याकडचे तळवे बर्फावर घसरतात. बॅगेतली ती जागा तूरडाळ, हिंग आणि गोड्या मसाल्याला द्या. कुणाच्या घरी मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे आला तर उजव्या हाताने घ्या आणि निदान एक घोट तरी प्या.

माझं ऐकाल तर जानेवारीत तुम्ही एकटेच या. घर दक्षिणेला, झायसानच्या बाजूला बघा. धुराच्या वस्त्या बहुतेक उत्तरेकडे आहेत. हवा शुद्ध करणारं यंत्र आल्याआल्या घ्या. घरच्यांची तिकिटं मे महिन्याची मिळतील का, हे कंपनीला करारावर सही करण्याआधीच विचारा.