तारायान: जमिनीवर बांधावं की कक्षेत?

विज्ञानकथा लिहिणाऱ्या वाचकांकडून या वेळी एकाच विषयाभोवतीचे प्रश्न आले आहेत: गोष्टीतलं महाकाय यान बांधायचं कुठे? यानं काल्पनिक असली तरी धातू, वजन आणि निर्वात यांचे नियम कल्पनेला बांधील नसतात. म्हणून उत्तरं प्रत्यक्ष घडलेल्या कामांच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न: माझ्या कादंबरीतलं आंतरतारकीय यान ४०० मीटर लांब आणि ५०,००० टन वजनाचं आहे. ते वाळवंटात उभं करून थेट उडवलं तर वाचकाला पटेल का? (सांगली)

आधी इंजिन ठरवा, मग जागा. रासायनिक इंधन वापरणार असाल तर माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या अमेरिकी सॅटर्न-५ चा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. हा प्रक्षेपक ११० मीटर उंच होता, उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन सुमारे २,९०० टन असे आणि त्यातले पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचत जेमतेम १२० ते १४० टन. म्हणजे शंभरातले चार-पाच. याच प्रमाणात तुमचे ५०,००० टन वर न्यायचे तर जमिनीवर किमान १० लाख टन उभे करावे लागतील. ते उचलण्यासाठी साडेतीनशे सॅटर्न-५ एकाच वेळी पेटवल्याइतकी ताकद लागेल.

एवढी ताकद ज्या जमिनीवर आदळते तिचं काय होतं, हेही लिहा. २० एप्रिल २०२३ ला टेक्सासमध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या महाकाय प्रक्षेपकाचं पहिलं पूर्ण उड्डाण झालं. त्याच्या इंजिनांच्या झोताने खालचं काँक्रीट उखडलं आणि तुकडे दूरवर फेकले गेले. त्यानंतर तिथे पाणी सोडणारी पोलादी प्लेट बसवावी लागली. रशियाचा एन-१ हा प्रक्षेपक तर ३ जुलै १९६९ ला परत तळावरच कोसळला आणि तळ उद्ध्वस्त झाला. एकाच यानात सगळं घालून जमिनीवरून उडवलं, तर एका बिघाडात यान आणि तळ दोन्ही गमावण्याची तयारी हवी.

रसायनांऐवजी अणुशक्ती घेतली तर गणित बदलतं. अमेरिकेत १९५८ ते १९६५ या काळात चाललेल्या प्रोजेक्ट ओरायनमध्ये सुमारे ४,००० टनांचं यान थेट जमिनीवरून उडवण्याचा आराखडा होता. मागे एकामागून एक छोटे अणुबॉम्ब फोडायचे, त्यांचा धक्का एका जाड प्लेटने झेलायचा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरने तो मवाळ करून पुढे द्यायचा. गणितात ते बसत होतं. पण १९६३ च्या कराराने वातावरणात, पाण्याखाली आणि अंतराळात अणुस्फोट करण्यावर बंदी आली. जे इंजिन ५०,००० टन जमिनीवरून उचलू शकतं, ते त्या जमिनीसाठीच आपत्ती ठरतं. तुमच्या कथेत असं उड्डाण असेल तर परिसर कोणी रिकामा केला, किरणोत्सारी धूळ कुठे पडली, हे प्रश्न कथेत यायलाच हवेत.

उरतं वजन. उड्डाणात ३ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तिप्पट) त्वरण आलं की ५०,००० टनांच्या यानाचा तळाचा सांगाडा दीड लाख टनांचा दाब झेलतो. तेच यान पुढे वर्षानुवर्षं ०.०१ जी ने चाललं तर सांगाड्यावर येतो फक्त ५०० टनांचा भार. पहिल्या दहा मिनिटांसाठी घातलेलं पोलाद मग कायमचं ओझं होऊन ताऱ्यापर्यंत जातं. जे यान कुठेच उतरणार नाही, त्याला स्वतःचं वजन पेलायला लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मग पत्रे वर पाठवून सगळं कापणं-वेल्डिंग कक्षेतच दाखवू का? (नाशिक)

नको. विज्ञानकथांमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

निर्वातात साधं आर्क वेल्डिंग नीट चालत नाही, कारण आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, टिकवायला वायू लागतो. इलेक्ट्रॉनच्या झोताने धातू वितळवणाऱ्या इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगला मात्र निर्वात लागतोच. जमिनीवर त्यासाठी मुद्दाम निर्वात कक्ष लागतो, वर तो फुकट मिळतो. पण वितळलेल्या धातूतले बुडबुडे वजनाअभावी वर येत नाहीत. ते सांध्यातच अडकतात आणि सांधा सच्छिद्र होतो. उडालेले थेंब खाली पडत नाहीत, सरळ रेषेत जात राहतात, आणि समोर स्पेससूट असू शकतो. ऑक्टोबर १९६९ मध्ये सोयूझ-६ यानात वालेरी कुबासोव यांच्या वेल्डिंगच्या प्रयोगात मोड्यूलची (यानाच्या एका कप्प्याची) भिंत थोडक्यात बचावली. पुढे २५ जुलै १९८४ ला स्वेतलाना सावित्स्काया यांनी सॅल्यूट-७ या अंतराळ स्थानकाच्या बाहेर हातात धरायच्या इलेक्ट्रॉन बीम यंत्राने धातूच्या पट्ट्या कापून आणि जोडून दाखवल्या. म्हणजे काम शक्य आहे. पण नमुन्याची पट्टी जोडणं वेगळं आणि पन्नास वर्षं हवा धरून ठेवणारा सांधा करणं वेगळं. शिवाय प्रत्येक सांध्याची क्ष-किरण तपासणी करायची, नापास झाला तर घासून पुन्हा करायचा, हे काम कारखान्यातच परवडतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं सुमारे ४२० टनांचं बांधकाम झालं ते तयार भाग जोडून. मोड्यूल जमिनीवर पूर्ण करायचं, त्यात वायरिंग, पाइप, पंखे सगळं बसवायचं, शेजारी येणाऱ्या मोड्यूलशी केबलने जोडून चाचणी घ्यायची आणि मगच उडवायचं. वर गेल्यावर १७ मीटरचा यांत्रिक हात ते जागेवर आणतो. चार पकड्या त्याला ओढून घेतात, मग मोटरने फिरणारे १६ बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळले जातात. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर सील एका बाजूला चेपतं आणि दुसरीकडून हवा गळते. नंतर दोन दारांमधल्या पोकळीत हवा भरून गळती मोजतात, दार उघडतात, आणि शेवटी वीज, डेटा, हवा, पाणी यांच्या जोडण्या हाताने करतात.

नौदलाच्या जहाजांचंही असंच आहे. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम एप्रिल २०१५ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात दाखल झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. सांगाडा गोदीत झाला, बाकीची जुळणी तरंगत्या जहाजावर. तुमच्या तारायानासाठीही घडाई खाली आणि जोडणी वर, हीच विभागणी धरा.

आणखी एक गोष्ट लेखक हमखास विसरतात. अर्धवट यानही पहिल्या दिवसापासून चालता उपग्रह असावा लागतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये स्थानकाचा पहिला भाग म्हणून झार्या गेलं, कारण त्याच्याकडे स्वतःची वीज, दिशा धरण्याची सोय आणि इंजिनं होती. सुंदर ब्रिज (यान चालवण्याचा कक्ष) किंवा प्रवाशांच्या खोल्या आधी पाठवल्या तर त्या काही तासांत अनियंत्रित फिरू लागतील. प्रत्येक भाग जोडल्यावर गुरुत्वमध्य सरकतो आणि दिशा-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधले आकडे बदलावे लागतात. ते बदलायचे राहिले तर यान डोलायला लागतं. एका प्रकरणासाठी एवढं पुरेसं आहे.

प्रश्न: माझा नायक स्पेससूट घालून एकटाच दहा तास बोल्ट आवळतो. हे खटकेल का? (सोलापूर)

खटकेल. अमेरिकी सूटमध्ये वातावरणाच्या सुमारे ०.३ पट दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो. बाहेर पडण्याआधी रक्तातला नायट्रोजन काढण्यासाठी ऑक्सिजन घेत थांबावं लागतं, नाहीतर पाणबुड्यांना होतो तसा सांधेदुखीचा झटका येतो. एवढ्या कमी दाबातही हातमोजा फुगून ताठ होतो आणि प्रत्येक मूठ त्याच्याशी झगडून वळवावी लागते. त्यामुळे साधारण सहा-सात तासांचं काम हीच व्यवहारातली मर्यादा आहे. काम नेहमी जोडीने होतं.

दुसरं, पाना फिरवला की माणूसच उलटा फिरतो. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ या अमेरिकी यानाच्या यूजीन सर्नन यांना यानाबाहेर धरायला पुरेशा जागाच नव्हत्या. हृदयाचे ठोके प्रचंड वाढले, हेल्मेटची काच धुक्याने भरली आणि काम अर्धवट सोडावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ वर बझ ऑल्ड्रिन पाण्याखाली सराव करून गेले. पाय अडकवायची पायबंधनं आणि हातांनी धरायच्या मुठी बसवल्या होत्या, आणि काम शांतपणे झालं. म्हणून गोदीच्या, म्हणजे कक्षेत यान जोडायच्या जागेच्या, वर्णनात आधी पायबंधनं दाखवा, मग कामगार. प्रत्येक हत्याराला दोरी हवी. नोव्हेंबर २००८ मध्ये स्थानकाबाहेर ग्रीसगन गळली, ती पुसताना हायडेमारी स्टेफनिशिन-पायपर यांच्या हातून हत्यारांची पिशवी सुटली आणि कक्षेत निघून गेली.

उजेडाचंही भान ठेवा. ४०० किलोमीटरवर दर ९० मिनिटांनी सूर्य उगवतो. काम अंधारात अडकू नये म्हणून दिवे लागतातच.

प्रश्न: गोदी कोणत्या कक्षेत ठेवावी? (बेळगाव)

४०० किलोमीटरवर विरळ हवेचा रोध असतो. स्थानक महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं आणि त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं. अर्धवट यान आकाराने मोठं आणि वजनाने हलकं, त्यामुळे ते अधिक वेगाने घसरेल. सूर्य सक्रिय झाला की वातावरण फुगतं. स्कायलॅब हे अमेरिकी स्थानक अपेक्षेपेक्षा लवकर, ११ जुलै १९७९ ला कोसळलं, ते त्यामुळेच. ८०० ते १,००० किलोमीटरच्या पट्ट्यात अंतराळ-कचऱ्याची (निकामी उपग्रह, तुकडे) गर्दी आहे, त्याच्या वर किरणोत्सारी पट्टे सुरू होतात. आम्ही ५०० किलोमीटरच्या आसपासची जागा निवडू.

कक्षेचा कल, म्हणजे तिचा विषुववृत्ताशी होणारा कोन, उंचीइतकाच महत्त्वाचा आहे. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून थेट त्याहून कमी कलाच्या कक्षेत जाता येत नाही. गोदी विषुववृत्तीय कक्षेत ठेवली तर प्रत्येक खेपेला सेकंदाला सुमारे १.८ किलोमीटरचा जादा वेगबदल लागेल. म्हणजे प्रत्येक वेळी बराच माल खाली ठेवून जावं लागेल. अंतराळ स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे, कारण कझाकस्तानातल्या बैकोनूर तळाहूनही तिथे पोहोचायचं होतं. अनेक देशांचे तळ माल पुरवणार असतील तर कल सर्वांत उत्तरेच्या तळाप्रमाणे ठेवा. मित्र (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याकडे जायचंय आणि तो ६० अंश दक्षिणेला आहे, म्हणून गोदीचा कल तेवढा हवा का? नको. ताऱ्यापर्यंत जाऊ शकणाऱ्या इंजिनाला हा फरक किरकोळ असतो.

प्रश्न: जोडणीच्या वेळी घडणारा, पटण्यासारखा अपघात सुचवाल का? (पणजी)

स्फोटापेक्षा न जुळणारं भोक दाखवा. अ‍ॅल्युमिनियमची १०० मीटरची तुळई १०० अंशांनी तापली की सुमारे २३ सेंटिमीटरने लांबते. तिची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर ती वाकते. कारखान्यात २५ अंशांवर अचूक जुळलेले दोन भाग कक्षेत समोरासमोर आले आणि बोल्टची भोकं जुळेनात. उपाय म्हणून सांधा सावलीत धरायचा, दोन्हीकडचं तापमान सारखं होईपर्यंत थांबायचं, आणि त्या वेळात गोदीची वीज संपत आलेली.

दुसरी शक्यता अडकून बसलेल्या सांध्याची. निर्वातात स्वच्छ धातू धातूला चिकटतो, कारण मधला ऑक्साइडचा थर घासून गेला की पुन्हा तयार होत नाही. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची छत्रीसारखी उघडणारी मोठी अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही. काड्यांच्या टोकांवरचं वंगण निघून गेलं होतं. तुमच्या गोदीतला कोणी जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा दिलेले स्वस्त बोल्ट वापरेल, तर तो मुलामा निर्वातात हळूहळू उडेल आणि शेजारच्या भिंगावर जाऊन बसेल.

प्रश्न: एवढं यान बांधायला किती वर्षं दाखवू? आणि चंद्रावर बांधलं तर? (पुणे)

आपला एलव्हीएम-३ हा प्रक्षेपक पृथ्वीजवळच्या कक्षेत सुमारे ८ टन नेतो. ५०,००० टनांसाठी ६,२५० उड्डाणं होतील. १०० टन नेणारा प्रक्षेपक धरला तर ५००, म्हणजे रोज एक उडवूनही जवळपास दीड वर्ष. जोडण्या यंत्रांनीच करायला हव्यात. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत २२० किलोंच्या दोन उपग्रहांनी कक्षेत स्वतःहून डॉकिंग केलं, म्हणजे ते एकमेकांना जोडले गेले, तीच विद्या इथे हजारो वेळा लागेल.

चंद्रावरून निसटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग पुरतो आणि तिथल्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आहे, शिवाय अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडही. कवच, टाक्या, तुळया तिथून आणा. चिप, सील, वंगण, औषधं मात्र पृथ्वीवरूनच येतील.

पण खरा प्रश्न इंधनाचा आहे. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ मध्ये केलेल्या डिडॅलस या आंतरतारकीय यानाच्या अभ्यासातलं यान ५४,००० टनांचं होतं आणि त्यातले ५०,००० टन इंधन. त्यातलं हेलियम-३ गुरूच्या वातावरणातून, फुग्यांवर तरंगणाऱ्या कारखान्यांतून, वीस वर्षांत काढायची योजना होती. तुमचं यानही असंच असेल तर पृथ्वीच्या कक्षेत फक्त रिकामं यान जोडा आणि इंधन भरायला गुरूकडे न्या. तिथली दुसरी गोदी गुरूच्या आयो किंवा युरोपा या चंद्रांजवळ नको, तिथला किरणोत्सार माणसांना जगू देणार नाही. कॅलिस्टो हा चंद्र गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यांच्या बऱ्याच बाहेर आहे. गोदी तिथेच ठेवा.